चार आवर्तनं आणि पाच मात्रा

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लिंबाजीनं मार्तंडरावांचं मनगट खाली ठेवलं आणि जाहीर केलं, "चार आवर्तनं. वर पाच मात्रा."

सुमंगलाबाईंचा उजवा हात कणकेत होता, डाव्या हातात पेन होतं. आठ चोक बत्तीस आणि पाच सदतीस, असं त्यांनी मनात म्हटलं. मग बोटांवर मोजून पाहिलं. मग पेन कणकेत पडलं.

"सदतीस?"

"गुणाकार तुमचा, वैनी. मी आपली आवर्तनं सांगितली."

"अहो, तुम्हाला काही होतंय का?"

मार्तंडराव एवढा वेळ खुर्चीत मजेत पाय हलवत बसले होते. सदतीस ऐकल्यावर पाय थांबले. "आत्तापर्यंत काही नव्हतं," ते म्हणाले, "पण आता जरा गरगरल्यासारखं वाटायलंय."

भिंतीवर कॅलेंडरशेजारी सुमंगलाबाईंच्या टपोऱ्या अक्षरातला कागद चिकटवला होता : सहा आवर्तनं दोन मात्रांच्या खाली गेलं, की तडक परभणी.

हे आवर्तनांचं प्रकरण मुळापासून सांगितलं पाहिजे. मार्तंडराव झरीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. शनिवारी मारुतीच्या देवळात पखवाज वाजवायचे. सव्वादोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामे दिले, तेव्हा सुमंगलाबाईंनी आपली एक काढून दिली. तेव्हापासून त्या किडनीला 'माझ्या माहेरचं माणूस' म्हणत. जेवताना मार्तंडरावांचा हात लोणच्याच्या बरणीकडे गेला, की त्या बरणी उचलत. "माझ्या माहेरच्या माणसाला खारट सोसत नाही." मार्तंडराव हात आवरायचे. सासरवाडीचं माणूस थेट पोटात राहायला आल्यावर दुसरं काय करणार?

माहेरचं माणूस छान रुळलं. पण ऑपरेशननंतर काळजाचा ताल बिघडला. कधी धावायचं, कधी अडखळायचं. त्यावर एक गोळी सुरू झाली. अमिओडारोन तिचं नाव, पण घरात तिला ठोक्याची गोळी म्हणत. तिनं काळीज वठणीवर आणलं. मग एका तपासणीत कळलं, की डायलिसिसच्या दिवसांत कधीतरी सी प्रकारची कावीळ यकृतात येऊन बसली आहे. हिच्यावर आता खात्रीचं औषध होतं : रोज एक गोळी, चौऱ्याऐंशी दिवस. "चौऱ्याऐंशी लाख फेऱ्यांपेक्षा बरं," मार्तंडराव म्हणाले होते.

अडचण सांगितली संघप्रियानं. बसस्टँडजवळचं औषधाचं दुकान तिचं. ती मार्तंडरावांची विद्यार्थिनी, आणि त्यांच्या चौदा गोळ्यांची यादी तिला पाढ्यासारखी पाठ.

"काकू, काविळीची गोळी आणि ठोक्याची गोळी एका घरात नांदत नाहीत," ती म्हणाली. "दोघी एकत्र आल्या की काळीज एकदम मंद होतं. आणि ही ठोक्याची अशी आहे, की निघून गेली तरी तिचं सामान महिनोन्‌महिने अंगात पडून राहतं."

म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी ती बंद करून दुसरी सौम्य गोळी दिली. जुनी गेल्यानं किडनी टिकवणाऱ्या गोळीचं रक्तातलं प्रमाण घसरलं, तेव्हा ते मापही दोनदा बदलावं लागलं. जुनीचं सामान निघायची वाट पाहत साडेचार महिने गेले. शेवटी या सोमवारी काविळीची पहिली गोळी पोटात गेली. पहिले दोन दिवस परभणीच्या दवाखान्यात, छातीला वायरी लावून. बुधवारी घरी सोडताना डॉक्टर माधवी म्हणाल्या, "जुनीचा थोडा अंश अजून असेल. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ ठोके मोजा. पन्नासच्या खाली गेले तर फोनही करत बसू नका, निघा."

बुधवारी संध्याकाळी सुमंगलाबाईंनी मोजले. आधी अठ्ठावन्न आले, मग एक्क्याण्णव. नंतर लक्षात आलं, की अंगठा दाबल्यामुळे त्या स्वतःचेच ठोके मोजत होत्या. घरात कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र होतं, पण त्याचे सेल केव्हाच टीव्हीच्या रिमोटमध्ये गेले होते. तेवढ्यात लिंबाजी दूध घेऊन आला. मळ्याचा धनी, भजनात टाळ वाजवणारा, मार्तंडरावांचा तीस वर्षांचा जोडीदार.

"आणा हिकडं हात," तो म्हणाला. "तीस वर्सं ह्येंच्या लयीवर टाळ धरायलोय. पर एक ते साठ मोजणं मास्तराचं काम. टाळकऱ्याला आठाच्या म्होरं येत न्हाई. आठ झाले की सम."

सुमंगलाबाईंनी घड्याळ धरलं, लिंबाजीनं डोळे मिटले आणि मिनिट संपताच म्हणाला, "नऊ आवर्तनं, वर दोन." आठ नवे बहात्तर आणि दोन चौऱ्याहत्तर. गुरुवारी सकाळी नेमकी नऊ. शुक्रवारी नऊ आणि चार. सुमंगलाबाईंनी तहसिलात सत्तावीस वर्षं आवक-जावक नोंदवही सांभाळली होती, पण इतक्या सुरेल नोंदी त्यांच्या हातून कधी झाल्या नव्हत्या.

आणि आज सदतीस.

तेही नेमकं आज! संध्याकाळी पाच वाजता मार्तंडराव सव्वादोन वर्षांनी भजनाला बसणार होते. डॉक्टरांची परवानगी होती. सुमंगलाबाई पहाटे उठून पखवाजाच्या डाव्या पुडाला लावायची कणीक मळत होत्या. अशी कणीक फार सैल चालत नाही, फार घट्ट चालत नाही. सव्वादोन वर्षांत हात विसरला की काय, म्हणून आधी थोडी मळून बघत होत्या.

"निघा," त्या म्हणाल्या. "लिंबाजीभाऊ, गाडी!"

लिंबाजीचा छोटा हत्ती दारातच उभा होता. त्यात संध्याकाळसाठी पेटी, दोन कर्णे, सतरंज्या आणि खोळीत घातलेला पखवाज असं सगळं आधीच चढवलेलं होतं. उतरवायला वेळ नव्हता. मार्तंडराव मध्ये बसले, सुमंगलाबाई दाराशी. बसस्टँडवर संघप्रिया शटर वर करत होती. सुमंगलाबाईंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "सदतीस आलेत गं!"

शटर जितकं वर गेलं होतं तितकंच खाली आलं. "गोळ्यांची पिशवी घेतलीत?"

सुमंगलाबाईंनी मांडीवर पाहिलं. मांडीवर स्टीलचा डबा होता. डब्यात कणीक होती.

संघप्रिया शटर अर्धं उचलून दुकानात शिरली, त्यांची यादी आणि नवीन औषधाची चिठ्ठी घेऊन आली आणि मागे सतरंज्यांवर चढून बसली. "पिशवी राहू द्या, यादी आहे. चला, लिंबाजीकाका!"

जिंतूर रस्त्यावर गाडी उधळली. प्रत्येक खड्ड्याला मागची पेटी एक सूर काढत होती आणि संघप्रिया 'अगं आई' म्हणत होती.

"गुरुजी, डोळं मिटू नगा," लिंबाजी म्हणाला.

"मिटत नाहीये. तू समोर बघ."

"बनी तो बनी, नहीं तो..."

"लिंबाजीभाऊ!" सुमंगलाबाई कडाडल्या. "आज ते वाक्य पुरं करायचं नाही."

लिंबाजीनं वाक्य गिळलं. परभणी मात्र पस्तीस मिनिटांत आली.

दवाखान्यात शिरताना वरातीनं शिरावं तसे ते शिरले. पुढे मार्तंडराव, स्वतःच्या पायांनी, पण चेहरा असा की चार जण आपल्याला उचलून नेत आहेत. मागे कणकेचा डबा छातीशी धरलेल्या सुमंगलाबाई. त्यांच्या मागे संघप्रिया, केसांत सतरंजीचे धागे. शेवटी लिंबाजी, खांद्यावर पखवाज. "गाडीत ठेवलं असतं तर कुनी नेलं असतं ना," असं त्यानं रखवालदाराला सांगितलं आणि रखवालदाराला ते पटलं.

डॉक्टर माधवींनी सदतीस ऐकताच बाकी काही विचारलं नाही. पलंग, वायरी, यंत्र. परिचारिका म्हणाली, "सदरा काढा." मार्तंडरावांनी सदरा काढला, घडी केली आणि पत्नीच्या हाती द्यायच्या आधी क्षणभर थांबले. मग दिला.

सुमंगलाबाईंनी सदरा डब्यावर ठेवला आणि घडीत काहीतरी कुरकुरलं.

यंत्रातून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. डॉक्टर माधवींनी ती डावीकडून उजवीकडे वाचली. मग मनगट धरलं, घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट. मग पुन्हा पट्टी.

"शहात्तर," त्या म्हणाल्या.

"काय शहात्तर?" मार्तंडरावांनी विचारलं.

"तुमचे ठोके. एकदम व्यवस्थित. सदतीस कुणी मोजले?"

सगळ्यांनी लिंबाजीकडे पाहिलं. लिंबाजीनं पखवाज दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"मी मोजलं, म्याडम. केरव्यात, आठ-आठ मात्रांत. चार आवर्तनं, वर पाच. टाळाच्यान चुकलो न्हाई."

"सकाळी मोजताना आजूबाजूला काही वाजत होतं का हो, काका?" संघप्रियानं विचारलं.

"देवळाचा भोंगा वाजायला होता. अभंग लागला होता. लय संथ." लिंबाजी बोलता बोलता थांबला. उजव्या हाताची बोटं आपोआप डाव्या तळव्यावर पडू लागली. एक मात्रा, तिच्यात दोन ठोके. एक मात्रा, दोन ठोके. त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "आरं तिच्या! मी अभंगाच्या लयीला गेलो. गुरुजींचं काळीज दुगुनीत चाललं होतं!"

डॉक्टर माधवींना दुगुन माहीत नव्हती. लिंबाजीनं ती पखवाजाच्या खोळीवर वाजवून दाखवली. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या नर्मदाबाई उठून बसल्या आणि "पुन्हा वाजवा की," म्हणाल्या. परिचारिका तोंडावर हात ठेवून हसू लागली. संघप्रिया भिंतीला टेकून हसत खाली बसली. मार्तंडराव छातीला वायरी असताना हसले, तेव्हा यंत्रानं कागदावर डोंगर काढले आणि डॉक्टर माधवी म्हणाल्या, "हसू नका, हसू नका, कागद वाया जातोय," आणि स्वतःच हसू लागल्या. हसण्याला हसणं लागत गेलं. भीती उतरली, की माणसाला वेड्यासारखं हसू येतं, ते हे.

एकट्या सुमंगलाबाई हसत नव्हत्या. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली होती. नाव वाचायची गरज नव्हती. पावणेदोन वर्षं त्यांनी याच गोळ्या रोज फोडून दिल्या होत्या. त्यांनी ती पट्टी टेबलावर ठेवली.

"ही काय आहे?"

हसू पंखा बंद केल्यासारखं फिरत फिरत थांबलं.

संघप्रिया उठली. पट्टी उजेडात धरून तिनं एकेक गोळी बोटानं चाचपली. "दहाच्या दहा आहेत. सर, मी साडेचार महिन्यांपूर्वी तुमच्याकडून सगळ्या परत घेतल्या होत्या ना?"

"एक पट्टी राहिली होती," मार्तंडराव छताकडे पाहत म्हणाले. "पखवाजाच्या खोळीत. टाकायला जीव होईना."

"एकही घेतली नाही? खरं सांगा."

"अगं, शाळेत मी तुला असंच विचारायचो. गृहपाठ केलास का म्हणून."

"आणि मी खरं सांगायची, सर."

"नाही घेतली," ते म्हणाले. "संध्याकाळी घेणार होतो. भजनाच्या आधी. एकच."

मग त्यांनी छतावरची नजर खाली आणली. "सव्वादोन वर्षांनी गावासमोर बसायचं. मधेच काळीज फडफडायला लागलं आणि हात समेवर आला नाही तर? ही घेतली की काळीज कसं गप बसायचं. वाटलं, एका गोळीनं काय होतंय?"

डॉक्टर माधवींनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. आता त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. "सर, तुम्ही गणिताचे. म्हणून सरळ सांगते. तुमच्या अंगात हिचा जुना अंश आहे, वर काविळीचं औषध रोज चालू आहे. त्यात हिची भर पडली असती, तर काळीज गप बसलं असतं हे खरं. किती गप, ते आधी सांगता येत नाही. काहींना घाईनं पेसमेकर बसवावा लागला आहे. काहींच्या बाबतीत तेवढाही वेळ मिळाला नाही."

"म्हंजे," लिंबाजीनं हळूच विचारलं, "आज सांजच्याला खरंच सदतीस झाले असते?"

"होऊ शकले असते. त्याच्याही खाली जाऊ शकले असते."

लिंबाजीनं विचार केला. मग छाती पुढे काढली. "मंग मी चुकलोच न्हाई, वैनी. मी सकाळीच सांजच्याचं मोजून ठिवलं!"

पहिला खो-खो आवाज मार्तंडरावांचा आला. दुसरा नर्मदाबाईंचा. सुमंगलाबाईंनी ओठ घट्ट मिटून धरले, पण डब्यावरचं झाकण थडथडू लागलं, कारण डबा धरलेले हात हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते रागाचं होतं की कशाचं, हे त्यांना त्यावेळी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"हसताय काय?" त्या मार्तंडरावांवर ओरडल्या. "पुन्हा असं काही लपवलं ना, तर माझ्या माहेरचं माणूस मी परत घेऊन जाईन. सांगून ठेवते."

"ते परत मिळत नाही, काकू," डॉक्टर माधवी म्हणाल्या.

"मग यांच्यासकट घेऊन जाईन."

"आणि समेवर हात आला नाही तर न येवो," सुमंगलाबाई पुढे म्हणाल्या. "चार बोटं इकडं तिकडं झाली, तर गावात कोण नोंद ठेवतंय?"

"मी ठिवतो," लिंबाजी म्हणाला.

"तुम्ही गप बसा. तुम्हाला दुगुन कळत नाही."

डॉक्टरांनी मार्तंडरावांना दुपारी तीनपर्यंत ठेवून घेतलं. दर तासाला पट्टी काढली. शहात्तर, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. निघताना त्यांनी अटी सांगितल्या. काविळीची गोळी रोजच्यासारखी चालू. पखवाज तासभर, बसून. चक्कर आली, दम लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर ताल तिथंच सोडून दवाखाना गाठायचा. दुकानातली असो वा खोळीतली, कोणतीही गोळी संघप्रियाला विचारल्याशिवाय तोंडात जाणार नाही. मोजणी घड्याळावर होईल आणि काकू करतील, अंगठा न लावता. त्यांनी तीन बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं आणि सुमंगलाबाईंकडून पाच वेळा करून घेतलं. पट्टी संघप्रियानं आपल्या ओढणीच्या टोकाला बांधली आणि वर दुसरी गाठ मारली.

परतीच्या वाटेवर पेटीनं तेवढेच सूर काढले. लिंबाजीनं वाक्य पूर्ण करायची परवानगी मागितली. ती मिळाली. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं ते त्यानं झरी येईपर्यंत अकरा वेळा पूर्ण केलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मार्तंडराव देवळात पखवाजापुढं बसले. परभणी करून आलेली कणीक कडक झाली होती. सुमंगलाबाईंनी पाण्याचा हात लावून ती पुन्हा मळली आणि पुढे केली. मार्तंडरावांनी ती लावली, काढली आणि पुन्हा लावली. सुमंगलाबाईंनी मनगटावरच्या घड्याळावर फक्त बोट वाजवलं आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसल्या.

पहिल्या अभंगाला मार्तंडरावांचा हात जपून चालला. दुसऱ्या अभंगात, जिथं आवाज चढतो, तिथं मार्तंडराव एकदा समेच्या किंचित पुढे पडले. सुमंगलाबाईंना ते कळलं. लिंबाजीलाही कळलं. त्यानं टाळ तेवढाच पुढे ओढला आणि दोघं मिळून जिथं उतरले, तिथंच सम होती असं सगळ्या देवळाला वाटलं. मार्तंडरावांनी वर पाहिलं. मग त्यांचे हात मोकळे झाले. सव्वादोन वर्षांची साठवण अशी काही बाहेर पडली, की मागची पोरं उभी राहिली आणि पेटीवाला डोकं हलवता हलवता सूर चुकला.

अभंग संपला. मार्तंडराव घामानं निथळत होते आणि मुलासारखे हसत होते. पुढचा सुरू व्हायच्या आत सुमंगलाबाई उठल्या. बायकांची सतरंजी ओलांडून, पुरुषांच्या रांगेतून वाट काढत त्या पखवाजापाशी गेल्या आणि सगळ्या गावासमोर त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला. तीन बोटं, अंगठा वर. देवळात एक टाळही वाजला नाही. साठ सेकंद गाव घड्याळाकडं बघत होतं.

"वैनी, किती?" लिंबाजीला राहवेना.

सुमंगलाबाईंनी बोटं उचलली. ब्याण्णव. वाजवून झाल्यावर एवढे असणारच, डॉक्टरांनी सांगितलं होतं. चौऱ्याऐंशीतल्या सहा गोळ्या झाल्या, अठ्ठ्याहत्तर उरल्या. त्यांनी ब्याण्णवला आठानं भागलं, उत्तर मनातल्या मनात उलट गुणून पाहिलं, आणि तहसिलात पुकारा करावा तशा खणखणीत आवाजात सांगितलं :

"अकरा आवर्तनं! वर चार!"